लागलं, करपलं की जळलं?

२०२३ ची कोजागरी २८ ऑक्टोबरला आली आणि नेमकं त्याच रात्री एकनंतर खंडग्रास चंद्रग्रहण होतं. वेध कधीपासून पाळायचे, दूध आधीच पिऊन टाकायचं की ग्रहण सुटल्यावर, तुळशीपत्र टाकलं तर भागतं का, यावरून आमच्या इमारतीच्या गच्चीवर अशी जुंपली की शेगडीवर सहा लिटर दूध आहे हे ढवळणाऱ्यासकट सगळे विसरले. मी कठड्यापाशी उभा होतो. वाद कानावर पडत होताच, पण मला भानावर आणलं ते वासानं. दूध लागल्याचा वास एकदा नाकात बसला की माणूस झोपेतूनही उठतो.

पातेलं आमचं होतं. जाड बुडाचं, ट्रायप्लाय म्हणजे तीन थरांच्या स्टीलचं, लेकीनं पहिल्या दिवाळी बोनसमधून आईला घेतलेलं. ते गच्चीवर द्यायला हिची मुळात तयारी नव्हती. मीच म्हणालो, "अगं, भांडं वापरायलाच असतं." पुढचे तीन दिवस हे वाक्य मला रोज ऐकावं लागलं.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला ३१ वर्षं निदेशक होतो. निवृत्तीनंतर हिच्या मनगटाचं दुखणं निघालं आणि घरातली भांडी माझ्याकडे आली. सुरुवातीला लाज वाटली, मग सवय झाली, आता कुणी दुसऱ्यानं घासली तर मला पटत नाही. पोरांना कानस धरायला शिकवताना मी एकच गोष्ट घोकून घेत असे: आधी धातू ओळख, मग हत्यार उचल. मोरीपाशी उभं राहिल्यावर कळलं की भांड्यालाही हाच नियम लागू आहे. फक्त इथे दोन गोष्टी ओळखायच्या: भांडं कशाचं आहे, आणि त्याला जे चिकटलंय ते कुठल्या अवस्थेत आहे.

अवस्थेसाठी आपल्या भाषेत शब्द आयते आहेत. लागलं, करपलं, जळलं. आपण ते सरसकट वापरतो, पण स्वयंपाक करणाऱ्या जुन्या बायका चुकूनही एकाच्या जागी दुसरा वापरत नसत. लागलं म्हणजे तळाला धरलंय, रंग बदामी ते तांबूस, चव अजून शाबूत. करपलं म्हणजे तपकिरी-काळं, कडू, वरच्या पदार्थालाही वास लागलेला. जळलं म्हणजे कोळसा, त्यात अन्न उरलेलंच नाही. लागलेल्याला पाणी पुरतं. करपलेल्याला सोडा लागतो. जळलेल्याला वेळ लागतो, आणि तो द्यायची तयारी नसते म्हणून माणूस तारेची घासणी हातात घेतो आणि चांगल्या भांड्याची वाट लावतो.

(लागण्याच्या आधीची एक पायरी आहे, खरपूस. लोखंडी कढईतल्या पिठल्याच्या तळाशी जी खरवड धरते ती घासायची नसते, ती उलथन्यानं काढून ज्याचा हात आधी पोचेल त्यानं खायची असते. आमच्याकडे तो हात माझा असतो.)

आता त्या रात्रीकडे येतो, कारण तिथे पाच मिनिटांत तीन चुका झाल्या आणि तिन्ही सगळ्या घरांत होतात.

पहिली: वास आल्याबरोबर एका उत्साही शेजाऱ्यानं कलथा घेऊन तळ खरवडला. दूध लागलं की तळाला हात लावायचा नाही. कलथा नाही, पळी नाही, काही नाही. गॅस बंद करायचा आणि वरचं दूध हलक्या हातानं दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यायचं. शेवटचं पेलाभर दूध खालीच राहू द्यायचं, त्याचा मोह नको. असं केलं असतं तर सहातलं पाच लिटर तरी वाचलं असतं. तळ खरवडल्यावर काळे कण वर आले आणि केशर, जायफळ, वेलदोडा, सगळ्यावर करपटाण चढलं.

दुसरी: दूध काढल्यावर तापलेल्या पातेल्यात कुणीतरी बादलीतलं गार पाणी ओतलं. चर्र झालं, वाफ उठली आणि मी ओरडलो. गरम धातूवर एकदम गार पाणी पडलं की तळ एका बाजूनं आक्रसतो. पातळ भांड्याचा तळ फुगतो किंवा वाकतो, मग ते ओट्यावर ठेवलं की डुलतं आणि शेगडीवर एकाच बाजूनं तापतं, म्हणजे पुढच्या वेळी लागणार हे ठरलेलंच. बिडाची कढई असेल तर सरळ तडा जाऊ शकतो. भांडं हाताला सोसेल इतकं निवू द्या, मग कोमट पाणी घाला. वीस मिनिटांनी काही बिघडत नाही.

तिसरी चूक म्हणजे तारेची घासणी. ती मी हातातून काढून घेतली आणि पातेलं खाली घरी आणलं.

घरी आल्यावर दिव्याखाली धरून बघितलं. तळभर काळी चकती, कडेला तांबूस वलय, भिंतीवर दुधाच्या रेघा. पातळ स्टीलचं पातेलं असतं तर बर्नरच्या कड्याचा ठसा जसाच्या तसा उमटला असता. तुमच्याकडे असं एखादं पातेलं असेलच, बघा: आत काळं कडं आणि मध्ये स्वच्छ. स्टील उष्णता पसरवण्यात फार आळशी. ॲल्युमिनियम ती जवळजवळ १५ पट वेगानं वाहून नेतं. म्हणून तर ट्रायप्लायमध्ये दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा थर घालतात. आमच्या पातेल्यात ती उष्णता इमानदारीनं सगळीकडे पसरली होती, त्यामुळे दूधही सगळीकडे सारखंच करपलं होतं. मध्यभागी वाटीएवढा भाग चक्क जळलेला.

तीन दिवस काय केलं ते क्रमानं सांगतो. तुमचं भांडं स्टीलचं असेल तर हाच क्रम चालेल, फक्त तुमचं कमी करपलं असेल तर पहिल्याच दिवशी काम संपेल.

रात्री नुसतं कोमट पाणी भरून ठेवलं. साबण नाही, काही नाही. दुधात साखर होती. साखर कितीही करपली तरी पूर्ण कोळसा होईपर्यंत पाण्यात सुटते. तिळगुळाच्या पाकाचं पातेलं बायका घासून घासून दमतात, त्याला घासणी लावायचीच गरज नसते. पाणी घालून एक उकळी काढा, पाक आपोआप पाण्यात जातो.

सकाळी ते पाणी ओतून दिलं. तांबूस वलय आणि भिंतीवरच्या रेघा बोटानंच निघाल्या. चकती जागची हलली नव्हती. मग करपलेला भाग बुडून वर दोन बोटं राहील इतकं पाणी घातलं, लिटरला एक मोठा चमचा खायचा सोडा टाकला आणि गॅसवर ठेवलं. झाकण ठेवू नका आणि पातेलं तिसरा हिस्सादेखील भरू नका, कारण दुधाचं काही करपलं असेल तर हे पाणी दुधासारखंच फेसाळून वर येतं. माझा ओटा त्या दिवशी दोनदा पुसावा लागला. उकळी आल्यावर गॅस बारीक करून १५ मिनिटं.

सोडा का, तर करपलेल्या अन्नात मुख्यतः तीन गोष्टी असतात: प्रथिनं, पिष्ट आणि तेल-तूप. तिन्ही अल्कलीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, मऊ पडतात. खायचा सोडा तसा सौम्य, पण पाण्यात उकळताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि थोडा भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो, जो बराच जहाल असतो. म्हणजे उकळण्यानं दोन कामं होतात. माझी आई चुलीतली राख आणि नारळाच्या काथ्यानं भांडी घासायची. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, तीही अल्कलीच. आईला कार्बोनेट माहीत नव्हतं. पण राख भांड्याला फासून ती दुसरं काम उरकून यायची आणि मग घासायची, तेवढं तिला पक्कं माहीत होतं. आम्ही राख गेल्यावर तो मधला वेळही घालवून बसलो.

पाणी उकळत असताना लाकडी उलथन्यानं चकतीच्या कडेला हळूच ढोसलं. एका ठिकाणी कड उचलली गेली आणि खालून करवंदाच्या सालीसारखा पातळ, चिवट पापुद्रा सुटत आला. हे दिसलं की समजायचं औषध लागू पडलं. जिथे सुटतंय तिथेच ढोसा, जिथे सुटत नाही तिथे जोर लावू नका. गॅस बंद करून तेच पाणी निवेपर्यंत आत राहू दिलं. निवल्यावर मुदत संपलेल्या एटीएम कार्डाच्या कडेनं खरवडलं. हे कार्ड माझं सगळ्यात लाडकं हत्यार आहे: धार आहे, लवचीक आहे आणि स्टीलपेक्षा कितीतरी मऊ असल्यानं चरा पाडूच शकत नाही. करवंटीचा तुकडाही चालतो, त्याची गोलाई कढईच्या पोटात छान बसते.

अर्ध्याहून जास्त गेलं. संध्याकाळी पुन्हा तोच प्रयोग, आणखी थोडं गेलं. मध्ये वाटीएवढा कोळसा तसाच. हिनं येऊन बघितलं, काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी पातेलं कोरडं करून गच्चीवर कडक उन्हात दुपारभर आडवं ठेवलं, तोंड सूर्याकडे. ओलं असताना कोळसा फुगून धातूला धरून बसतो. वाळला की आक्रसतो, आणि उन्हाळ्यात तळ्याचा गाळ जसा भेगाळतो तशा त्याला भेगा पडतात. चार वाजता बघितलं तर दोन खवले कडेनं वर वळलेले होते. कार्डानं टिचकी मारली तर उडून पडले. मग बाकीच्यावर तीन भाग सोडा आणि एक भाग पाणी असा लेप थापला, अर्धा तास ठेवला आणि ओल्या काथ्यानं घासलं. गेलं.

गेलं म्हणजे काळं गेलं. तळाला करडी-पांढरी झिलई उरली, बोटाला किंचित खरखरीत. पुष्कळ लोक हिला करपलेलंच समजून पुन्हा सोडा लावत बसतात आणि ती जात नाही, कारण ती मुळात दुसरी चीज आहे. दुधातलं कॅल्शियम फॉस्फेट भांड्याला धरतं, त्यात आमच्यासारख्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार. याला अल्कली काही करत नाही, आम्ल लागतं. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा लिंबूसत्त्व घालून दहा मिनिटं ठेवलं, पुसलं, आणि लेकीनं आणलं होतं तसं पातेलं समोर आलं. व्हिनेगरही चालतं. स्टीलचं भांडं रिकामं तापून त्यावर जे निळे-जांभळे इंद्रधनुषी डाग येतात तेही याच पाण्यानं जातात.

माझा एक जुना विद्यार्थी डेअरीत मेंटेनन्सला आहे. त्याला ही हकिकत सांगितली तर हसला. म्हणाला, "सर, आमच्याकडे पाइपलाइन रोज अशीच धुतात. आधी कॉस्टिक, मग नायट्रिक." आधी अल्कली, मग आम्ल, मध्ये पाणी.

मध्ये पाणी, हे नीट ऐका. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफस करून दाखवणारे व्हिडिओ मला आठवड्यातून दोन तरी येतात, बहुतेक माझ्याच मेहुण्याकडून. फसफस दिसायला झकास. पण ती दोघांनी एकमेकांना मारल्याची असते. अल्कली आणि आम्ल भिडले की खाली उरतं ते जवळपास निकामी खारट पाणी. बुडबुड्यांनी थोडंफार सैल झालेलं सुटतं, ते नुसत्या गरम पाण्यानंही सुटलं असतं. दोन्ही वापरा, पण वेगवेगळे, आणि क्रम उलटा करू नका: वर कोळसा असताना खालच्या क्षारापर्यंत आम्ल पोचतच नाही.

तेलाचं प्रकरण जरा निराळं. कढईच्या किंवा पॅनच्या कडेला, विशेषतः बाहेरून, जो मधाच्या रंगाचा चिकट थर बसतो तो करपलेलं अन्न नसून तापून तापून वार्निश झालेलं तेल असतं. खायच्या सोड्याला तो दाद देत नाही. त्याला धुण्याचा सोडा. किराणा दुकानात सुट्टा मिळतो, स्वस्त असतो. हातमोजे घालून गरम पाण्यात त्याची पेस्ट करा, तासभर लावून ठेवा. ज्यांच्याकडे डिशवॉशर आहे त्यांनी त्याची अर्धी गोळी गरम पाण्यात विरघळवून पातेल्यात रात्रभर ठेवून बघावी. तिच्यात कार्बोनेट तर असतंच, शिवाय प्रथिनं आणि पिष्ट तोडणारी एन्झाइम्स असतात. पाणी उकळतं नको, हाताला चटका बसेल इतपत गरम हवं, उकळत्यात एन्झाइम मरतात. स्टीलसाठीच हं हे. ॲल्युमिनियमला यातलं काहीही लावू नका, का ते खाली येतंय.

परदेशात ऑक्झॅलिक ॲसिडवाली पावडर मिळते, अमेरिकेत तर १८८२ पासून एक प्रसिद्ध ब्रँड आहे. भाचीनं एक डबा आणून दिला होता. उरलेल्या डागांवर ती जादूसारखी चालते, खोटं कशाला बोलू. पण हातमोजे हवेत आणि नंतर भांडं दोनदा धुवायला हवं. अळू नीट शिजलं नाही की घसा खाजतो ना, तो या ॲसिडच्याच एका क्षाराच्या सुयांमुळे.

स्टीलला काय करायचं नाही तेही सांगतो. बाथरूमचं ॲसिड आणि ब्लिचिंग दोन्ही लांब ठेवा. चांगल्या स्टीलवर १८/८ असं लिहिलेलं असतं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. त्या क्रोमियमचा एक पापुद्रा पृष्ठभागावर असतो, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी पातळ. चरा पडला तरी हवेत तो पुन्हा धरतो. पण या दोन्हींत आणि मिठातही असलेलं क्लोराइड त्याला टोचून टोचून भोकं पाडतं आणि ती टाचणीच्या टोकाएवढी खळगी कायमची राहते. गार पाण्यात मीठ टाकून न ढवळता पातेलं गॅसवर ठेवलं तरी तेच होतं, म्हणून मीठ पाणी उकळल्यावर टाका. आणि ब्लिचिंग आणि ॲसिड एकत्र तर कधीच करू नका, क्लोरीन वायू सुटतो, बंद मोरीत जिवावर बेतेल.

घासण्यांबद्दल माझ्यातला फिटर थोडा बोलणार, सहन करा. हिरव्या घासणीत जी कच असते ती ॲल्युमिनियम ऑक्साइडची, म्हणजे एमरी पेपरमध्ये असते तीच जात. काठिण्यात हिऱ्याच्या खालोखाल. तुम्ही भांडं घासत नसता, पॉलिश पेपर मारत असता. चरा पडला की पुढच्या वेळी दूध त्याच चऱ्यात पकड घेतं आणि पुन्हा लागतं. खायचा सोडा स्टीलपेक्षा मऊ, म्हणून त्याचा लेप कितीही घासा. अगदीच नाइलाज झाला आणि हिरवी घासणी घ्यावीच लागली तर भांड्यावर कारखान्यातूनच ज्या बारीक रेषा असतात त्यांच्या दिशेनं हात फिरवा. गोल रेषा असतील तर गोल, सरळ असतील तर सरळ. आडवा चरा लगेच दिसतो, रेषेतला लपतो. कानशीचं कामही असंच असतं.

आता बाकीचे धातू.

ॲल्युमिनियम, म्हणजे आमच्याकडचं 'जर्मन'चं पातेलं आणि जुना कुकर. याला सोडा उकळायचा नाही. अल्कली ॲल्युमिनियमला खाते, भांडं काळवंडतं. इथे उलट, आम्ल मित्र: चिंचेचं बुटुक, चार आमसुलं किंवा पिळलेल्या लिंबाच्या फोडी पाण्यात टाकून दहा मिनिटं उकळा, करपलेलं सुटतं आणि आतलं काळं जाऊन पांढरंशुभ्र होतं. रोज कुकर लावताना तळाच्या पाण्यात लिंबाची साल टाकली तर तो काळा पडतच नाही. हार्ड ॲनोडाइज्ड, ते करड्या रंगाचं महागडं भांडं, तेही शेवटी ॲल्युमिनियमच, फक्त वर त्याच्याच ऑक्साइडचा जाड थर. त्याला गरम पाणी, साबण, मऊ स्पंज आणि धीर. धुण्याचा सोडा आणि डिशवॉशरची गोळी लावून कुणी त्याचं पांढुरकं, चट्टेदार भांडं करून घेतलं तर ते परत करडं होत नाही.

नॉनस्टिकवर काही करपलं तर कोमट साबणपाण्यात भिजवा आणि मऊ स्पंज. पुरे. रिकामा पॅन मोठ्या जाळावर ठेवायचा नाही, २६० अंशांच्या पुढे तो लेप बिघडायला लागतो. घरात पोपट असेल तर त्या धुराचं फार जपा, पक्षी त्यानं मरतात. लेप निघायला लागलेला पॅन घासून चांगला होत नाही.

लोखंड आणि बीड: कढई कोमट असतानाच गरम पाणी घालून पाच मिनिटं उकळा, लाकडी उलथन्यानं सोडवा. राहिलेल्यावर खडे मीठ आणि चमचाभर तेल घालून काथ्यानं चोळा. चिंच, लिंबू, व्हिनेगर नको, वर्षानुवर्षं तेल पिऊन बसलेला काळा थर त्यानं उतरतो आणि पुढची भाजी काळीठिक्कर होते. रात्रभर पाण्यात तर मुळीच नको. लगेच पुसून गॅसवर कोरडी करायची आणि तेलाचा हात फिरवायचा.

कल्हईच्या भांड्याबद्दल मात्र जरा थांबून सांगावंसं वाटतं. आईचं एक पितळी पातेलं माझ्याकडे आहे, बासुंदीचं. त्याच्या आतला पांढरा थर कथलाचा. कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणजे आत दूध आहे तोवर ठीक, पण तळ कोरडा पडून करपायला लागला की तो थर सरकू लागतो. अशा भांड्यात करपलं तर कोमट पाणी, हवा तर चिमूटभर सोडा, रात्रभर, आणि नंतर फक्त बोटं किंवा मऊ फडकं. राख नको, काथ्या नको, पीतांबरी आतून नको, ती बाहेरच्या पितळेसाठी. दोनदा भिजवूनही निघालं नाही तर तसंच ठेवा आणि कल्हईवाल्याची वाट बघा. लहानपणी तो दारात बसायचा, जमिनीत भाता गाडायचा, भांडं लाल होईपर्यंत तापवायचा, मग नवसागराची चिमूट टाकली की पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, नाकात झोंबणारा, आणि त्यातच तो कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं एका फेऱ्यात सगळं आतून चांदीसारखं करायचा. मी फिटर झालो त्याला तो फेरा काही अंशी कारण असावा. हल्ली मिरजेत तो दोन वर्षांतून एकदा दिसतो. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, आमटी काही ठेवू नका, कळकतं.

परत आमच्या पातेल्याकडे. स्वच्छ झाल्यावर कानाच्या रिवेटांभोवती काळी रेघ राहिली होती. तिथे कार्ड पोचत नाही, जुना टूथब्रश आणि सोड्याचा लेप लागतो, आणि हे काम बसून करायचं, उभ्यानं कंटाळा येतो. एवढं घासलेल्या भांड्यात लगेच दूध तापवू नका. आधी एक-दोनदा वरण शिजवा, पाणी उकळा. मग दुधाच्या वेळी पातेलं आधी गार पाण्यानं विसळायचं आणि न पुसताच, तळाला पाण्याचा पातळ थर असतानाच दूध ओतायचं. दूध कमी लागतं. जाळ मध्यम, आणि ढवळताना उलथनं तळाला टेकलेलं हवं, नुसतं वरवर गोल फिरवून काही होत नाही.

पुढच्या कोजागरीला हिनं पातेलं दिलं, पण माझ्यासकट दिलं. मी शेगडीपाशी स्टूल टाकून सव्वा तास बसून होतो. ग्रहण नव्हतं, त्यामुळे वाद सोसायटीच्या मेंटेनन्सवर झाला. कुणीतरी येऊन म्हणालं, "काका, जरा चंद्र तरी बघा." मी म्हटलं, पातेल्यात दिसतोय.